एक वाचक, मुक्काम देवास

देवास,
नोव्हेंबर २००३

सौ. इंदूवन्संना सुमंगलेचा नमस्कार. घरातल्या मोठ्यांना दंडवत, लहानांना आशीर्वाद आणि तुमच्या गुडघ्याला आराम. इकडे सर्व क्षेम आहे, निदान डॉक्टरला दाखवण्यासारखं काही नाही. मागच्या पत्रात तुम्ही विचारलंत की वहिनी, तुमच्याकडचा फोन सदा एंगेज कसा, एवढं बोलतं तरी कोण? वन्सं, कोणीच बोलत नाही. अक्षतनं बंगलोरच्या नोकरीवर जाताना आपला कंप्यूटर इथेच ठेवला आणि बाबांचा वेळ जावा म्हणून त्याला इंटरनेट लावून दिलं. ते फोनच्याच तारेवर चालतं. तुमचे दादा सकाळी चहा घेऊन त्याच्यापुढे बसले की आमचा फोन मेला, तो थेट जेवणाच्या वेळी जिवंत होतो. म्हणून हे पत्र. पोस्टमन अजून कशानं एंगेज होत नाही.

तुमच्यापासून काय लपवायचं, हे रिटायर होणार म्हणून मी मनात बरंच काही ठरवून ठेवलं होतं. मी नवी नवरी असताना संध्याकाळी आम्ही धारच्या मुंज तळ्यावर फिरायला जायचो, ते तुम्हाला आठवत असेल (सासूबाईंना काहीबाही सांगून तुम्हीच तर आम्हाला सोडवायचात). लोकांना वाटायचं, नवं जोडपं गुलुगुलु बोलत असेल. आम्ही भांडत असायचो, वन्सं. घरोघरी टीव्ही आला तर माणसं बिघडतील का, सरकारनं सिनेमे कापावेत का, बायकांनी सायकल चालवावी का, असल्या गोष्टींवर. मी उलट बोलले की हे चालता चालता थांबायचे, माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "हं, पुढे?" बाकी सगळं सोडा, त्या "हं, पुढे?"च्या भरवशावर मी देवासला संसार थाटला. मग फॅक्टरीच्या शिफ्टा आल्या, अक्षतच्या परीक्षा आल्या, आणि कधीतरी त्यातलं "पुढे" गळून गेलं. "हं" तेवढं राहिलं, ते अजून चालू आहे. मला वाटलं होतं रिटायर झाल्यावर संध्याकाळी टेकडीच्या पायथ्यापर्यंत जाऊ, चणे खाऊ, भांडू.

तर हे भांडायला लागले, पण इंटरनेटवर. तिथे माळव्यातल्या मराठी मंडळींचा एक ग्रुप आहे. इंदूरचे उदाजीराव म्हणून कोणी आहेत, ते तो चालवतात. एकानं लिहिलेलं सगळ्यांच्या कंप्यूटरवर जातं आणि सगळे आपापल्या घरी बसून चिडतात. हळदीकुंकवाचे फोटो टाकायला काढलेला ग्रुप, पण तुमचे दादा शिरल्यापासून तिथे तंत्रज्ञान, सरकार आणि नीती यांशिवाय विषय नाही. झालं असं की आमच्या गावात पोलीस सायबर कॅफेवाल्यांना तोंडी सांगून गेले म्हणे की कॅबिनचे पडदे काढा आणि येणाऱ्याचं नाव लिहून घ्या. तेवढ्यावर यांनी लिहिलं की पडदेच काय, दारंही काढा, इंटरनेटवर सरकारचा डोळा हवाच, आणि नाव न सांगता बोलणारा माणूस हा अनीतिमान आणि भित्रा असतो. (गॅसचा नंबर लागत नव्हता तेव्हा हेच सरकार यांना कुठल्याही लायक वाटत नव्हतं. आता डायरेक्ट डोळा!) मी स्वयंपाकघरातून झारा घेऊन बाहेर आले आणि म्हटलं, अहो, पण एखाद्याला नावानं बोलायची सोयच नसेल तर? हे वळलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "तू यात पडू नकोस, कढी बघ."

कढी बघितली, वन्सं. उतू गेली होती. दुसऱ्या दिवशी पिशवी घेतली आणि भाजीला म्हणून निघाले ती चौकातल्या उमाशंकर भियाकडे गेले. तुम्ही यायचात तेव्हा तिथे एसटीडीची टपरी होती, आता सायबर आहे. तीन कॅबिनी आणि त्यांना फुलाफुलांचे पडदे (भियाच्या बायकोच्या जुन्या साडीचे, पोलिसांनी सांगूनही न काढलेले). लग्नाआधी मी धारला टायपिंगची परीक्षा पास झाले होते, ते तुमच्या घरात कोणाला ठाऊकही नसेल, कारण कोणी विचारलंच नाही. बोटं मात्र काही विसरली नव्हती. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं, एवढंच शिकावं लागलं. भियानं ग्रुपात घालून दिलं आणि नाव विचारलं, तर मी म्हटलं, लिहा "एक वाचक". आणि जो प्रश्न झारा हातात धरून विचारला होता, तोच तिथे लिहिला.

काय उत्तर आलं असेल? "महोदय, आपला मुद्दा विचार करण्याजोगा आहे. मी त्यावर विचार करतो आहे." मी पडद्याआड बसून ते पुन्हा पुन्हा वाचलं. अहो, माझ्या मुद्द्यावर विचार! इतक्या वर्षांत यांनी माझ्या दुधीवरसुद्धा विचार केला नव्हता. त्या दिवशी घरी आले तर हे भरल्या ताटावर बसून समोरच्या भिंतीकडे बघत होते, आणि मला कळत होतं की हे माझ्याच प्रश्नाचं उत्तर शोधताहेत. मी विचारलं, कसला विचार चाललाय? म्हणाले, "काही नाही, वरणात मीठ जास्त आहे."

तेव्हापासून रोज भाजी. मी तिथे "म्हणतो", "करतो" असं पुरुषासारखं लिहिते. यांनी मनाशी धरलंय की एक वाचक म्हणजे खातेगावचे कोणी रिटायर हेडमास्तर. आम्ही मोबाइलवर भांडलो, पोरांच्या चॅटिंगवर भांडलो, नीती कायद्यानं येते की लाजेनं येते यावर तर फार भांडलो. त्यात एकदा हे हरले आणि चक्क तसं लिहून मोकळे झाले. उमाशंकर भिया एक दिवस चहा ठेवायला आला आणि स्क्रीनवरचं वाचून हसला. "भाभीजी, सब लोग साब को नाम से लिखते हैं, आप अकेली 'आपले म्हणणे', 'ह्यांचे म्हणणे' लिखती हो. नाम तो लिखो!" मी म्हटलं, भिया, आमच्यात लिहीत नाहीत. तुम्हाला माहीतच आहे, मी यांचं नाव घेतलं ते लग्नात आणि बारशाला, तेही उखाण्यात, तेही तुम्ही दार अडवून धरलंत म्हणून. राशनच्या दुकानात पतीचं नाव विचारलं तर अजूनही कार्डावर बोट ठेवते. नीतीवर पानंच्या पानं लिहीन, पण ती चार अक्षरं काही माझ्या बोटांतून उतरत नाहीत.

मग मधे काय झालं, तर दिल्लीच्या सरकारनं कुठल्याशा एका ग्रुपला कुलूप लावायला सांगितलं, आणि तेवढंच एक दार लावता येईना म्हणून अख्खी गल्लीच बंद झाली. त्यात आमचा हळदीकुंकवाचा ग्रुपही गेला. ज्या सरकारला यांनी डोळा दिला होता, त्यानं पहिला यांच्याकडेच वटारला. ते दिवस मला फार जड गेले, वन्सं. हे अंगणात फेऱ्या मारायचे, मी उगाच मेथी निवडत बसायचे. दोघंही एकाच घरात, आणि दोघंही एकमेकांच्याच उत्तराची वाट बघत. एकदा जेवताना आपण होऊन म्हणाले, "तिथे एक जण आहेत. फार समंजस लिहितात. काय करत असतील आता?" माझ्या हातातली पोळी हातातच राहिली. वाटलं सांगून टाकावं, इथेच बसलेत, तुम्हाला तूप वाढताहेत. पण सांगितलं आणि यांनी परत नुसतं "हं" केलं तर? तर ते महोदयही गेले आणि मीही गेले. मी तूपच वाढलं. खरं सांगते, त्या महोदयांचा मला फार मत्सर वाटला.

आता ग्रुप सुरू झालाय, पण उदाजीराव घाबरलेत. यापुढे बिननावी माणूस नको. ज्यानं त्यानं खरं नाव आणि गाव कळवायचं, शिवाय ओळख द्यायला एक जुना सभासद दाखवायचा, नाहीतर महिनाअखेर बाहेर. हा नियम सुचवला कोणी? तुमच्या दादांनी! सुचवला, सगळ्यांनी वाहवा केली, आणि मग यांच्या लक्षात आलं की एक वाचकही जाणार. लगेच दुसऱ्या दिवशी अर्ज, की एवढ्या एका सदस्यास नियमातून सूट मिळावी. उदाजीरावांनी कळवलं, नियम आपलाच आहे. तेव्हापासून हे जेवत नाहीत धड.

असो. एवढं लिहिलं म्हणून मी मनाला लावून घेतलंय असं समजू नका. या वयात भाजीला जाणं तसंही कमीच करायला हवं. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची,
सुमंगला

ता.क. एक बारीकसं काम होतं. "एक वाचक" तुम्ही आहात असं कळवलं तर चालेल का? नाव तुमचं, गाव धार, आणि ओळख द्यायला सख्खा भाऊ. यांचा फोन आलाच, तर एवढंच म्हणायचं की मी कॅफेत जाते आणि नीती लाजेनं येते असं माझं ठाम मत आहे. पुढे विचारू लागले तर गुडघा दुखतोय म्हणून फोन ठेवा. उलट टपाली कळवा, महिना संपत आलाय.

दुसरा ता.क. पाकीट बंद करायचं राहिलं, ते बरंच झालं. आज भियाकडे गेले तर यांनी सगळ्या ग्रुपला लिहिलेलं दिसलं: "एक वाचक यांची ओळख मी देतो. नाव त्यांचं त्यांनी सांगावं. येथे सगळे मला नावाने हाक मारतात, हे एकटेच कधी मारत नाहीत. असं माझ्या आयुष्यात एकच माणूस आहे. त्यांनी जाऊ नये." भियानं न मागता पाणी आणून दिलं. मी भाजी न घेताच घरी आले. हे कंप्यूटरपुढे बसले होते, मागे वळले नाहीत, पण खुर्चीशेजारी माझं स्वयंपाकघरातलं स्टूल आणून ठेवलेलं होतं. मी बसले. माझं नाव टाइप केलं, गाव देवास टाइप केलं. ओळख देणाऱ्याचं नाव आलं तेव्हा हे खिडकीबाहेर बघायला लागले (बाहेर शेजाऱ्यांची स्कूटर, दुसरं काही नाही). मग मी लिहिलं, आणि उदाजीरावांकडे गेलंसुद्धा:

तारेतून गेली चिठ्ठी, लागलं नाही तिकीट,
मोरोपंतांचं नाव लिहिते, नियमच आहे बिकट.

यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. घसा साफ केला आणि म्हणाले, नियम बिकट मुळीच नाही, आवश्यक आहे. मी म्हटलं, आवश्यक होता तर सूट कशाला मागितलीत? तर हे माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "हं, पुढे?"

तेव्हा वन्सं, वरचं काम राहू द्या, तुमचं नाव तुमच्याजवळच असू द्या. आणि फोन लागला नाही तर काळजी करू नका. आम्ही दोघंही घरीच आहोत.