गुरूवर पाय कुठं टेकायचे

अब्बा, घरात आपली बोली वेगळी होती, पण शाळेचं सगळं मी तुमच्याशी मराठीतच बोलायचे, म्हणून हेही मराठीत लिहिते. काल संध्याकाळी इथल्या मेहरूण तलावाच्या काठावर दुर्बिणीतून गुरू पाहिला आणि घरी येईपर्यंत मी आपल्या दोंडाईच्याच्या दुकानातच होते.

गाद्या भरायचं दुकान. पिंजायचं यंत्र सुरू झालं की रुई हवेत तरंगत राहायची आणि दुपारपर्यंत तुमच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. बाईंनी वर्गात सांगितलं होतं, गुरू हा ग्रह वायूचा आहे, त्याला आपल्यासारखी जमीनच नाही. मी दप्तर न ठेवताच विचारलं, "अब्बा, तिथं माणूस पडला तर कुठं थांबेल?" यंत्राच्या आवाजातून तुम्ही ओरडलात, "काय माहीत, बेटा! थांबणारच नाही बहुतेक." मला ते करूनच पाहायचं होतं. तुम्ही गिऱ्हाइकाशी बोलत होतात तेवढ्यात मी माळ्यावर चढले आणि खाली पिंजून ठेवलेल्या रुईच्या ढिगात उडी मारली.

पडताना छान वाटलं. मग रुई डोक्यावर मिटली. सगळं पांढरं, आवाज नाही, तोंड उघडलं तर आत कापूस. मी पाय हलवतेय आणि पायाखाली काही लागतच नाही. तुम्ही वेणी धरून मला वर ओढलंत. लगेच एक थप्पड बसली, तुमच्या हातची पहिली आणि शेवटची. गादी भरून घ्यायला आलेली बाई विचारत होती, "भाऊ, पोर बरी शे ना?" तुम्ही माझ्या नाकातली, पापण्यांवरची रुई काढत राहिलात. जेवताना मात्र तुम्हीच हळूच विचारलंत, "मग? थांबलीस का कुठं?"

त्या दिवसापासून तुम्हालाही गुरूचा नाद लागला. तिथं पाऊस पडतो का? पडत असेल, पण खोल जाता जाता त्याची वाफच होते. "अरेरे," तुम्ही म्हणायचात, जणू त्या पावसाला कुणी दारातून परत पाठवलंय. गुरू चंद्राच्या जागी आला तर? तर केवढं तरी आभाळ तोच व्यापेल. "मग ईदचा चाँद कुठं शोधायचा?" अम्मी रोट्या शेकता शेकता म्हणायची, "आधी जेवून घ्या दोघं, मग जा तिकडं."

मला धुळ्याला विज्ञान शिकायला पाठवलंत, तेव्हा मोहल्ल्यात कुजबूज झाली. तुम्ही एवढंच म्हणालात, "तिला फार विचारायचंय. माझ्याजवळची उत्तरं संपली." पुढं त्याच धुळ्यात तुम्हाला दवाखान्यात ठेवलं. आयुष्यभराची रुई छातीत बसली होती. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आणि तुम्ही तो जरा वर उचलून विचारताय, "बेटा, तुझ्या त्या ग्रहावर हवा भरपूर असेल ना?" मी म्हणाले, "भरपूर आहे अब्बा, पण आपल्याला श्वास घेता येईल अशी नाही." तुम्ही हसलात. "मग इथंच बरं." त्याच आठवड्यात तुम्ही गेलात.

काल मी शिकवते त्या कॉलेजच्या मुलींनी काठावर दुर्बीण लावली होती. फिरायला आलेली माणसं रांगेत उभी राहिली. माझा नंबर आला. साईच्या रंगाचा छोटासा गोल, त्यावर दोन फिकट पट्टे, शेजारी एका ओळीत त्याचे चार चंद्र. पाहता पाहता तो कडेला सरकायचा, आणि एक मुलगी दुर्बीण हलवून त्याला परत मध्ये आणायची. किती शांत दिसत होता, अब्बा. आत एवढी वादळं आहेत असं वाटतच नव्हतं.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही, पण एक सांगून टाकते. रांगेत माझ्या मागं उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "मॅडम, झालं का?" मी डोळा न काढता म्हणाले, "थांबा हं, वडिलांचा नंबर आहे." त्या आजूबाजूला बघत राहिल्या, आणि मी तुमच्या वाटचंही पाहून घेतलं.