राणीच्या टोपाला फुटलेले कोंब

तीर्थस्वरूप मावशी,

शिरसाष्टांग नमस्कार. (घरात 'तू' आणि नाटकाच्या केसांच्या टोपांच्या खोलीत 'तुम्ही', हा नियम तुम्हीच घातलेला. हे पत्र खोलीतून लिहिते आहे, तेव्हा तुम्ही.) गुडघा कसा आहे? नवा चष्मा मानवला का? गोळ्या वेळेवर घेता असं मी धरून चालते, कारण विचारलं की तुम्ही चिडता. इकडे सगळं ठीक. राणीचा टोपही सुखरूप आहे. तुम्ही विचारायच्या आधीच सांगून टाकलं, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. स्वतःची कमरेएवढी वेणी कापून, एकेक केस जाळीत गाठवून तुम्ही तो टोप केलात आणि निवृत्त होताना माझ्या हातात ठेवून म्हणालात, "थंड पाणी, आपला नेहमीचा साबण, आणि दुसरं काहीही नाही." एकोणीस वर्षं मी ते डोळ्यांत तेल घालून पाळलं. विसाव्या वर्षी जे झालं ते तुम्हाला बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळलेलं बरं.

सुरुवात लेकीपासून झाली. तुम्हाला आठवतच असेल, ही लहानपणी इथल्याच बाकावर बसून पाढे पाठ करायची, आणि चौदाव्या वर्षी डिंकाच्या वासाचं निमित्त काढून जी गेली ती परत या खोलीत फिरकली नाही. हल्ली ती दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस आहे. पंधरा दिवसांतून एक फोन, त्यात माझं ब्लडप्रेशर विचारायचं आणि ठेवून द्यायचा. तर एका रविवारी ही कापडी पिशवी घेऊन घरी आली आणि माझी शाम्पूची प्लॅस्टिकची बाटली दोन बोटांत झुरळासारखी धरून बाहेर ठेवून आली. पिशवीतून निघाल्या शाम्पूच्या चार वड्या, जाडसर कागदात गुंडाळलेल्या, लाकडी बुचाच्या बाटलीत तेल, आणि केस मऊ करायची पावडर, मातीत विरघळणाऱ्या पुड्यात. (तो पुडा मातीपर्यंत पोचलाच नाही. न्हाणीघराच्या फळीवरच विरघळला, आणि पावडरीवरून घसरून मी जी आपटले ते अजून कूस बदलताना आठवतं.) सगळं नैसर्गिक आणि सगळं वीगन. म्हणजे यात मध नाही, मेण नाही, दूध नाही आणि हे आधी कुठल्या प्राण्याला लावून बघितलेलं नाही. ही शेवटची गोष्ट मला लगेच पटली, कारण लावून बघायला मी होते. मी तिला सहज विचारलं की माणसाचे केस वीगन असतात का. पोरीने दोन दिवस विचार केला आणि मुद्दाम फोन करून सांगितलं की राजीखुशीने दिलेले असतील तर चालतात. तुमच्या वेणीच्या वतीने मी परस्पर होकार देऊन टाकला आहे.

वडीच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की केसांना सवय व्हायला काही आठवडे लागतात, धीर धरावा. पहिल्या आठवड्यात माझे केस चिकट झाले, दुसऱ्या आठवड्यात काथ्यासारखे उभे राहिले. या नाटकात चेटकीण कधी घातली म्हणून रंगभूषाकाराने माझ्याकडे चौकशी केली. पण मी वडी सोडली नाही, आणि खरं कारण तुमच्यापासून काय लपवायचं? लेक आता रोज संध्याकाळी फोन करायची. आज केस कसे आहेत, विंचरताना तुटतात का, तेल मुळाशी लावलंस ना. केसांवरून गोष्ट निघायची आणि तिच्या डॉक्टरांच्या तऱ्हेवाईक पेशंटांपर्यंत जायची. माझी मुलगी माझ्याशी बोलत होती, मावशी. तेवढ्यासाठी मी डोक्याला शेणसुद्धा लावलं असतं (ते वीगन आहे का, हे विचारायचं राहिलं).

तिसऱ्या आठवड्यात केस खरंच मऊ झाले, आणि तिथे माझी मती फिरली. मी एक वडी इथे खोलीत आणली. आधी सैनिकांच्या दाढ्या धुतल्या. अशा झुळझुळीत झाल्या की काय सांगू. दिग्दर्शकाची तक्रार आली की हरलेलं सैन्य लग्नाला निघाल्यासारखं दिसतंय. मला ती शाबासकीच वाटली. मग नजर राणीच्या टोपाकडे गेली. त्याला अलीकडे राठपणा आला होता हे तुम्हीही मान्य केलं असतं. (नसतं केलं. मला माहीत आहे.) धुतला. तुमची शप्पथ, असा निघाला जणू कालच तुमच्या पाठीवर होता.

आता चूक ऐका. ओल्या केसांना बटा पाडायला कागदाच्या सुरळ्या लागतात, आणि या खोलीत कागदाचा कपटाही फेकायचा नाही हे तुम्हीच माझ्या हाडीमाशी मुरवलंय. त्या वड्यांवरचा कागद जाडसर, पाणी छान धरणारा, सुरळ्यांसाठीच केलेला वाटावा असा. मी पट्ट्या कापल्या, बत्तीस बटा बांधल्या आणि टोप लाकडी डोक्यावर चढवून उबेच्या कपाटात ठेवला. त्या आठवड्यात प्रयोग नव्हते, म्हणून पाच दिवस कपाट उघडलं नाही. कागदावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की यात रानफुलांच्या बिया आहेत, कागद ओला करून उबेत ठेवा. मावशी, जो कागद लोकांनी कुंडीत लावूनही उगवत नाही, तो मी सूचनेबरहुकूम लावला होता.

दुपारच्या प्रयोगाआधी अर्धा तास मी कपाट उघडलं. बटाबटांतून दोन बोटं उंचीचे कोंब, टोकाला फिकट पानं, आणि मुळं केसांत आणि जाळीत अशी गुंतलेली की केस कुठला आणि मूळ कुठलं कळेना. दुसरा टोप नाही. राणीसाहेब शहाण्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही, टोप तसाच चढवून वरून ओढणी घट्ट बांधली आणि दोन अंक निभावून नेले. पण तिसऱ्या अंकाला इलाज नव्हता. वनवासातून आलेल्या राणीला राजा तिच्या केसांवरून ओळखतो, तिथे ओढणी काढावीच लागते. तुम्ही विंगेत उभ्या राहून ज्या जागी प्रेक्षकांच्या डोळ्यांतलं पाणी मोजायचात, तीच जागा. ओढणी निघाली. महाराजांनी बघितलं. "हेच ते केस," ते म्हणाले, थबकले, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बरेच वाढलेत."

पुढे काय झालं ते लिहीत नाही. हसण्याचा आवाज तुमच्या घरापर्यंत आला असेल. मी विंगेत तोंडात पदर कोंबून रडत होते. महाराज नंतर येऊन माझी माफी मागून गेले, त्याने तर जास्तच रडू आलं. दिग्दर्शकाने एवढंच सांगितलं की पुढचा प्रयोग पंचवीस तारखेला आहे, तोवर टोप उभा राहिला तर ठीक, नाहीतर कारखान्यातला नायलॉनचा येईल आणि मग कायमचा तोच.

लेकीला फोन केला. बोलणार होते बरंच, पण "तुझ्या वड्यांनी..." एवढंच म्हणाले आणि फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती खोलीच्या दारात उभी. चौदा वर्षांनी. डिंकाच्या वासाबद्दल अवाक्षर नाही. दवाखान्यातले बारीक चिमटे आणि डोक्याला बांधायचा दिवा घेऊन बसली आणि दोन दुपारी एकेक मूळ सोडवत राहिली. हात असा स्थिर की मला तुमचीच आठवण झाली. तर असं झालं, आणि म्हणूनच वर लिहिलं की टोप सुखरूप आहे. प्रकृतीला जपा. गुडघ्यावर शेक घ्या.

तुमची,
खोलीत उरलेली भाची

ता. क. : सुखरूप म्हणजे पुढून. लेक येण्याच्या आदल्या दिवशी मी घाबरून काही कोंब हाताने उपटले, ते केस घेऊनच आले. मागे चार बोटं जागा उघडी आहे. मला रागवा, तिला काही बोलू नका.

आणखी एक : मुळं सोडवून झाल्यावर तिने केस गाठवायचा आकडा उचलला आणि विचारलं, "गाठ कशी मारतात गं?" मावशी, मला सांगता आलं नाही. हात आपोआप चालतो, पण तो कसा, हे शब्दांत येत नाही, आणि जाळीतली बारीक गाठ आता मला नीट दिसतही नाही. तुम्ही मला शिकवलंत ते हात धरून आणि ओरडून. तिने एका दुपारी पंचवीसेक गाठी मारल्या. दोन सोडून सगळ्या निघून आल्या. त्या दोन मी रोज ओढून बघते. तेव्हा तुम्ही या. गाडी, स्टेशन, गुडघा, सगळं लेक बघेल, ती येते तुम्हाला घ्यायला. तिच्यासमोर तुम्ही मला हवं तेवढं ओरडा, त्यातूनच ती शिकेल.

शेवटचं : दिग्दर्शक म्हणतो, बारा वर्षं वनवास भोगून आलेल्या राणीच्या केसांत मागे पांढरी बट असली तर उलट शोभेल. लेकीने बजावलंय की पत्रात केसांचा विषय काढायचा नाही, नुसतं 'या' म्हणायचं. म्हणून मी काढलेला नाही. फक्त एवढंच, की केस कापायला घरी बाई येते असं तुम्ही मागे कळवलं होतं, तर तुम्ही इकडे यायला निघेपर्यंत तिला दार उघडू नका.