उसवलेला कोपरा

मु. धसई, ता. मुरबाड
१८ जानेवारी १९९८

चि. सौ. लहानी हिस थोरली बहीण सकुबाई हिचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

इकडं आमी सगळी खुशाल. तुझ्या पूजाला नववा लागला म्हणतेस, तर पोरीला उगाच जिने चढायला लावू नको. वाशिंदला तुमी तिसऱ्या माळ्यावर घर घेतलंत तेव्हाच मी बोलले होते की माणसानं जमिनीला धरून राहावं. पण माझं ऐकतो कोण.

तू धाडलेली जुनी साडी पोचली. पार मऊ झालीय, बाळाच्या अंगाला अशीच पाहिजे. दोरा मी म्हसा गावच्या जत्रेतून आणला. भात झोडून झालं, खळं मोकळं झालं, म्हणजे आता आमच्या गोधड्या सुरू. पयली पूजाच्या बाळाची धरली. चौघी चार कोपऱ्याला बसलो. उगवतीला मी, माझ्यासमोर गोजर, बाजूला गुणाबाई आणि बाळी. ज्या बाईनं जो कोपरा धरला तो तिनंच मधापर्यंत न्यायचा, दुसरीनं हात लावायचा नाय, हा आपल्या आयच्या वेळेपासूनचा नेम तुला म्हायतीच आहे. बाळाच्या गोधडीला तर तो पाळायचाच. शेवटी चिमूटभर तांदूळ आत टाकून कोपरा मिटवला, की गोधडी उपाशी राहात नाय.

गोजरचं मात्र काय सांगू! शेजारीण चांगली, पण नको तिथं पुढं पुढं करते. दर घटकेला ओवलेली सुई माझ्या हातात कोंबते. मी म्हटलं, बाई, मला हात नायत का? तर नुसती हसते. त्यात ती डावखुरी. तिचा टाका उलट्या अंगाला कलतो, तो कुठंही ओळखू येतो. बारीक असतो हे कबूल. माझ्याइतका नाय.

तुझे भावजी काळूराम बरे आहेत. परवा मी कुंपणाजवळ त्यांना चांगलं घटकाभर झापलं, की उन्हात नुसते उभे काय राहता. मागून हे घरातूनच ओरडले की तो वाळत घातलेला सदरा आहे. सदऱ्यानं निदान उलट उत्तर दिलं नाय.

जयरामरावांना आशीर्वाद. बहिणीवर माया असू दे, आणि पत्राला उशीर लावू नकोस. तुझं अक्षर बारीक, म्हणून हे वाचून दाखवतात.

तुझी,
सकुबाई

---

वाशिंद
२४ जानेवारी १९९८

ती. सकुबाय हिस धाकटी लहानी हिचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझ्या ओळी हल्ली एकमेकींवर चढतात, तरी पत्र वाचून पूजा इतकी हसली की मला भीती वाटली, आत्ताच दवाखान्यात न्यावं लागतंय की काय. भावजींच्या सदऱ्याला माझा नमस्कार सांग.

बाय, एक सांगते, रागावू नकोस. आटगावच्या विहीणबाईंनी कल्याणहून गुलाबी ब्लँकेट आणून ठेवलंय. प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर चेन, आणि आत हसणारं अस्वल. आल्यागेल्याला दाखवतात. मला म्हणाल्या, आता गोधड्या कोण वापरतं हो? मी म्हटलं, आमच्या सकुबायची गोधडी बघा आणि मग बोला. तेव्हा बारशाला गोधडी आलीच पाहिजे, नाहीतर त्या अस्वलापुढे माझी मान खाली जाईल.

दोन वर्षांपूर्वी तू मला दिलेली गोधडी अजून तशीच आहे, एक टाका निघालेला नाही. जयराम तिच्याशिवाय झोपत नाहीत. गोजरला आठवण सांग, ती तुझं करते ते करू दे गं. आशीर्वाद मागते, ते भरपूर पाठव.

तुझी,
लहानी

---

मु. धसई
२ फेब्रुवारी १९९८

चि. सौ. लहानी हिस आशीर्वाद. वि. वि.

तुझं अस्वल गेलं खड्ड्यात. इथं माझ्या डोक्याला वेगळाच ताप झालाय.

रोज काम झालं की गोधडी घडी घालून गोजरच्याच घरी जाते, तिची पेटी मोठी म्हणून. पण ही आपल्या पूजाची, तर परवा मी म्हटलं, आज मी नेते. गोजर नको नको म्हणत माझ्या मागं आली, तरी मी नेलीच. घरी नेऊन हात फिरवला आणि अंगावर काटा आला. एका कोपऱ्याला हे लांब लांब टाके! बेडूक उड्या मारत गेल्यासारखे. बाळाचं बोट अडकलं असतं त्यात. आता असे टाके कोण घालणार? गुणाबाईचा हात मी ओळखते, बाळीचा ओळखते. उरली कोण? एवढं लाडानं सुया हातात कोंबते ती! मी तो कोपरा बसल्या बैठकीला उसवून टाकला.

दुसऱ्या दिवशी तो दोऱ्याचा गुंता मुठीत घेऊन खळ्यावर गेले आणि सगळ्यांपुढं गोजरला दाखवला. बोलले की हात चालत नसेल तर दोरे ओवायला बस, बाळाच्या गोधडीला बट्टा लावू नको. तिनं त्या गुंत्याकडं पायलं, माझ्याकडं पायलं, सुई पदराला टोचली आणि उठून गेली. एक शब्द बोलली नाय. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

आता ती येत नाय. तिचा कोपरा तिच्याशिवाय कोणी मिटवायचा नाय, आणि तिला बोलवायला मी जायची नाय. गोधडी माझ्या पेटीत पडून आहे. पंचवीस वर्षांत पयल्यांदा तिच्या घरून कालवणाची वाटी आली नाय, यांना जेवण गेलं नाय. मला गेलं. थोडं कमी गेलं.

या बहिणीला विसरू नकोस.

सकुबाई

---

मु. धसई
५ फेब्रुवारी

लहानीबाईला गोजरचा नमस्कार.

हे पत्र मी डिंक लावून चिकटवलंय. कारड टाकलं तर पोष्टमन वाचतो आणि धसईभर सांगतो. तुमी वाचा आणि चुलीत घाला. चूल नसंल तर ग्यासवर जाळा.

तुमच्या बायनं तुमाला सांगितलं आसंल की गोजरनं गोधडी नासवली. तर आयका. उसवला तो कोपरा तिचा सोताचा. घरी नेताना गोधडी फिरली आणि तिला कुठला कोपरा कुठं ते कळला नाय. तिला दिसत नाय, लहानीबाई. दोन वर्सं झाली. सुईचं नाकं दिसत नाय म्हणून मी ओवून देते. टाका कुठं पडला ते दिसत नाय म्हणून मी गोधडी घरी नेते, तिचा कोपरा उसवते आणि बारीक घालून ठेवते. सकाळी ती हात फिरवते आणि बोलते, बग माझा टाका! मी बोलते, व्हय बाय. ह्या टायमाला तिनंच गोधडी नेली, मी मागं पळाले, पण तिच्याशी कोण जितलाय?

मी खळ्यावर तोंड उघडलं नाय. उघडलं आसतं तर बायांनी तिच्या हातची सुई काढून घेतली आसती. आमच्यात हात चुकला की बाईला दोरे ओवायला बसवतात. मागं एका म्हातारीला बसवलं तर ती पुना खळ्यावर आलीच नाय. आणि सकुला तर दोरापण ओवता येणार नाय. मंग ती बसंल कुठं? गोधड्या नसतील तर ती माणसातून उठंल.

मला राग नाय आला आसं नाय. लय आला. चार बायांत बोलली मला. रडले पण. पण तुमी तिला ह्यातला कायपण सांगायचा नाय, पूजाच्या बाळाची शपथ हाय. डोळ्याचा काय तो विलाज बगा. लोभ हाय तो ऱ्हाऊ द्या.

गोजर

---

वाशिंद
९ फेब्रुवारी १९९८

ती. सकुबाय हिस लहानीचा नमस्कार. वि. वि.

पत्र मिळताच निघून ये. पूजा ठीक आहे, काम माझं आहे. इथं शाळेच्या आवारात डोळे तपासायचं मोठं शिबिर भरतंय. हल्ली माझे डोळे चुरचुरतात, डाळीतले खडे दिसत नाहीत. जयराम म्हणतात जाऊन ये, पण मला एकटीला भीती वाटते. तू शेजारी असलीस की मला धीर येईल. तू माझा कान पकडून शाळेत नेत होतीस, तशीच आता शिबिरात ने.

गोधडी आहे तशी घेऊन ये. आणि निघण्याआधी गोजरशी भांडण वाढवू नकोस. मी कोणाची बाजू घेत नाही, मला काही ठाऊकही नाही. फक्त म्हणते.

वाट बघणारी,
लहानी

---

वाशिंद
२३ फेब्रुवारी १९९८

सौ. गोजरताई यांस लहानीचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

पत्र जाळलं. शपथ पाळली. आता इकडची हकिगत ऐका.

शिबिरात बाय मला धीर देत ओढत घेऊन गेली. रांगेत सगळ्यांना सांगत होती की हिचे डोळे गेलेत, लहानपणापासून नाजूक. डॉक्टरांनी माझे डोळे बघितले आणि म्हणाले, ठणठणीत आहेत. मग मी म्हटलं, आलोच आहोत तर हिचेही बघा. भिंतीवरच्या तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर विचारलं, तर बाय म्हणाली, आधी तक्ता तर लावा! दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्याचा पार पिकलेला. ऑपरेशन म्हटल्यावर म्हणाली की हे सगळं या लहानीचं कारस्थान आहे. ते मात्र तिनं बरोबर ओळखलं.

एका डोळ्याचं झालं, छान झालं. काल पट्टी निघून काळा चष्मा आला. पहिल्यांदा मला बघून म्हणाली, अगं, तू किती म्हातारी झालीस! मग आरशात बघितलं आणि आरसा पालथा ठेवला. मग गोधडी मागितली.

गोजरताई, कालपासून हेच चाललंय. आधी बाळाची गोधडी उलटसुलट करून बघितली. मग आमच्या पलंगावरची जुनी ओढून घेतली. दोन्ही मांडीवर घेऊन खिडकीशी बसली आहे. चहा दिला तर तो तसाच गार झाला. मी काहीही सांगितलेलं नाही, पोरीच्या गळ्याची शपथ. मला तिची काळजी वाटते.

तुमची लहानी

---

वाशिंद
२५ फेब्रुवारी १९९८

गोजर हिस सकुचा नमस्कार.

आपली भिंत एक, आणि मी तुला पोष्टानं पत्र लिवते. तोंडावर बोलायला तोंड उरलं नाय म्हणून लिवते. मोतीबिंदू काढला तशी डॉक्टरांनी मला महिनाभर वाकायचं नाय, सुई धरायची नाय म्हणून सांगितलंय. लिवायला बंदी घालायचं विसरले.

मी बाळाच्या गोधडीचे चार कोपरे पायले. एक गुणाबाईचा, थोडा वाकडा जातो. एक बाळीचा. तिसरा उलट्या अंगाला कललेला, अर्धा झालेला, तांदळाच्या दाण्याएवढा एकेक टाका. आणि चौथा उसवलेला, नुसती सुईची भोकं, आधी बारीक, शेवटी ही बोटबोट अंतरावर. मी तीनदा मोजलं. चारच कोपरे, गोजर. तुझा जिथल्या तिथं होता. मग मी चार बायांत तुझ्यापुढं धरला तो गुंता कोणाचा?

मग लहानीची जुनी गोधडी पायली. तिच्यात माझा कोपरा मी किती मिरवला होता, जयरामरावांना हात धरून दाखवला होता. तोही उलट्या अंगाला कललेला. एका गोधडीला दोन डावखुऱ्या! मंग मला तुझ्या सुया आठवल्या, तुझी मोठी पेटी आठवली, आणि तू नको नको म्हणत माझ्या मागं आलेली आठवली. मला मेलीला वाटलं, चोर पळतोय.

मी चुकले. तू त्या वेळी एक शब्द बोलली असतीस तर मी खळ्यावर उभी राहू शकले नसते. तू बोलली नायस. त्याचं मला रडू येतं, आणि डॉक्टरांनी रडायलापण बंदी केलीय.

जयरामराव गोधडी घेऊन येतायत. तुझा कोपरा मिटव, आणि माझाही तूच घाल. हे पत्र खळ्यावर सगळ्यांना वाचून दाखव. टाके माझे होते, मला दिसत नव्हतं आणि दोन वर्सं माझा कोपरा तू घालत होतीस, हे मोठ्यानं वाच. बाया मला दोरे ओवायला बसवतील तर बसेन. आता नाकं दिसतं.

मला परत शेजारीण म्हणशील तर उपकार होतील.

सकु

---

मु. धसई
७ मार्च १९९८

सकुबाईला गोजरचा नमस्कार.

मुलगी झाली ते कळलं. लय बरं झालं. पूजाला डिंकाचे लाडू करून ठेवलेत, बारशाला घेऊन येते. तुझ्या घरच्या माणसाला जेवाण मी देते. रोज इचारतो, ती कवा येणार. तुझ्या हातच्या खारट च्याची सवय झालीय म्हणतो.

तुझं पत्र खळ्यावर वाचलं. गुणाबाई, बाळी, सगळ्या बसल्या व्हत्या. तू मला बोललीस त्याची माफी मागितलीस, ते मोठ्यानं वाचलं. दोनदा वाचलं, मला ग्वाड लागलं. बाळी रडली. मोतीबिंदूचंबी वाचलं, म्हंजे आता सगळ्या तुला चष्मा दाखव म्हणून मागं लागतील. मधलं टाक्यांचं सगळं तेवढं वाचलं नाय. सकुचं अक्षर लागत नाय, आसं सांगितलं. तसं तुझं अक्षर वायटच हाय, कोणाला संशय आला नाय.

गोधडी होत आली. माझा कोपरा मी मिटवला. तुझ्या कोपऱ्याला मी हात लावला नाय. मधापर्यंत न्यायला ह्या खेपेला तुझी तूच पायजे, बाळाची गोधडी हाय. म्हयना भरला की घाल, तवर पोरगी आमच्या तीन कोपऱ्यांवर निजंल. त्या आटगाववालीनं इचारलं तर सांगू की चौथा थोरल्या आजीसाठी ठेवलाय. आणि अस्वलाला खाली आंथरू.

तांदूळ मी पुडीत बांधून आणते. सुई तुझी तू ओव.

तुझी शेजारीण,
गोजर