काचेची झाकणं

मंगळवार, श्रावण. दिवेलागण.

आज पुन्हा फिशटँकच्या मागची ओली भिंत पुसली, पुन्हा रंगाचे पापुद्रे हातात आले. लेक वेदांत शिकायला इंदूरला गेला आणि त्याच्या खोलीतले तिन्ही टँक माझ्या गळ्यात पडले. शेजारच्या खोलीत सासूबाई झोपतात. टँकचं पाणी उडून धरलेल्या या ओलीनं त्यांचा दमा वाढलाय. डॉक्टर म्हणतात, ओल घालवा, नाहीतर मासे घालवा. वेदांतला कोणत्या तोंडानं सांगू?

एग्झॉस्ट पंखा लावला, टँकवर बसतील अशी काचेची झाकणं करून आणली. तरी भिंत ओलीच. माझंच काही चुकतंय का?

आज शाळेतून लवकर आले, तर सासूबाई धापा टाकत तिसरं झाकण उचलत होत्या. रोज उचलतात म्हणे. मी यायच्या आधी परत ठेवतात.

"अहो आई, यानंच तुमचा दमा वाढतोय!"

"वाढू दे. दम घुटला की काय होतं, मला मालूम आहे. तुला भगोन्यात घालून वरून झाकण ठेवू का?"

हसूच आलं. मग डोळे भरले. "पंप त्यांना हवा देतो, आई. ते बुडबुडे बघा."

चष्मा लावून त्या बुडबुडे बघत बसल्या. "बरं, झाक. माझी खाटही पुढच्या खोलीत ने. पण त्या काळ्या माशाचं झाकण थोडं उघडं ठेव. सारखा वर येतो बिचारा."

दमले आहे. खाट हलवली. काळ्याच्या झाकणाखाली कपड्यांचा चिमटा सरकवला.

तेवढी ओल घरात राहू दे.