जाता जाता अर्धा फेरा

परमपूज्य मेहुणेराव,

साष्टांग नमस्कार. (अगदी शब्दशः साष्टांग. तुम्ही इथे विसरलेली ॲलन की, म्हणजे स्क्रू आवळायची ती वाकडी सळई, पलंगाखाली लपवायला आडवा झालो होतो, तेव्हाच हे पत्र सुचलं.) तुमची तब्येत कशी आहे? मनगट ठीक ना? त्याची चौकशी मुद्दाम करतोय, कारण आमच्याकडचा पराक्रम तुम्ही त्याच मनगटाने केलात. सासरेबुवांच्या गुडघ्यांनाही आराम असावा. इकडे सगळं उत्तम आहे, म्हणजे तुमची बहीण धड जेवत नाही आणि माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

तुमच्या घराण्यात एक थोर पद्धत आहे. नळ असो, बरणीचं झाकण असो की दाराची बिजागरी, जाता जाता अर्धा फेरा आवळायचाच. लग्नानंतर पहिल्यांदा आले तेव्हा सासरेबुवांनी आमचा नळ असा बंद केला, की तो उघडायला प्लंबर बोलवावा लागला, आणि प्लंबरने नळासकट भिंतीचा तुकडा काढून माझ्या हातात ठेवला. जावयाने बोलायचं नसतं, नळ बदलायचा असतो.

पण रायफल म्हणजे नळ नव्हे हो! येत्या रविवारी तुमच्या बहिणीची नेमबाजीच्या संघासाठी निवड चाचणी आहे, आणि पुढच्या वर्षी क्लब तिला विचारणारही नाही, हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. तुम्ही दोघे आला होतात त्या दिवशी तिने रिकामी रायफल दस्त्यावर उभी धरली, वरचं लोखंड लाकडात नीट बसू दिलं, मग पुढचा स्क्रू थोडा, मागचा थोडा, पुन्हा पुढचा, असं गोंजारत गोंजारत आवळलं. ठरलेला जोर झाला की टक् करून सुटणारा एक पाना तिच्याकडे आहे. टक् झालं की ती थांबते. (थांबणारी बाई तुमच्या घराण्यात जन्मली कशी, देव जाणे.) ती आंघोळीला गेली आणि तुम्ही टेबलाशी आलात. "हा पाना ऐन वेळी दम सोडतो," असं निदान केलंत आणि ॲलन कीच्या टोकाला पाइपाचा तुकडा अडकवून दोन्ही स्क्रूंना असा पीळ दिलात, की लाकूड कण्हलं. मागोमाग सासरेबुवा चष्मा शोधत आले. चष्मा काही सापडला नाही, अर्धा फेरा मात्र देऊन गेले.

दुसऱ्या दिवशी क्लबात तिच्या गोळ्या कागदावर अशा पांगल्या, जणू एकमेकींशी बोलणं टाकलंय. फार आवळलं की लाकूड दबतं, लोखंड पिळात बसतं आणि रायफल दर गोळीला निराळी वागते, हे मी मागाहून वाचलं. आपण स्वतः टक् ऐकलंय, म्हणून तिला स्क्रूची शंकाच येत नाही. तिच्या प्रशिक्षकांनी (थोर माणूस, स्वतः कधी कुठे निवडला गेला नाही) रायफलकडे ढुंकूनही न बघता सांगितलं, श्वास चुकतोय, कोपर ढळतंय, शिवाय आता वय झालं. आणि जिने माझं एक वाक्य कधी खरं मानलं नाही, तिने त्या गृहस्थाचं सगळं खरं मानलं! खिडकीशी बसून आपले हात बघत राहते. "माझे हातच गेले हो," म्हणते. काल तिने नाव मागे घेतलं. मेहुणेराव, थट्टा पुरे, मला तिच्याकडे बघवत नाही. गुपचूप स्क्रू सैल करावेत, तर कुठला किती, हे फक्त तिलाच ठाऊक.

आपल्या कर्तृत्वाचा भार वाहणारा,
जावईबापू

ता. क. शनिवारी सकाळी या आणि सगळं तुम्हीच केलंत म्हणून तिला सांगा. मीच सांगितलं असतं, पण तुम्ही चहा पिऊन निघून जाल, मला इथेच राहायचंय.

आणखी एक ता. क. सासरेबुवांच्या नंतरचा अर्धा फेरा माझा. तुमच्यात ऊठबस झाल्याने माझेही हात शिवशिवायला लागलेत. हे तिला सांगायची काही गरज नाही.

ता. क. दादा, आता मी लिहितेय. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडेच दिलं, कारण घरात डिंक कुठे असतो हे यांना माहीत नाही. वाचलं सगळं. स्क्रू सैल करून पहिल्यापासून बसवले आणि क्लबात जाऊन आले. पाचही गोळ्या एकमेकींना चिकटून. तो कागद प्रशिक्षकांच्या टेबलावर ठेवला आणि नाव परत घातलं. माझे हात शाबूत आहेत रे दादा! येताना रस्त्यातच रडले, लोक बघत होते, बघेनात का. यांना यातलं अक्षरही सांगितलेलं नाही. तू शनिवारी ये, सगळं मीच केलं म्हण. मी तुला वाट्टेल ते बोलेन, मुकाट ऐकून घे. मग यांच्याकडे वळून मी एवढंच विचारणार आहे, "आणि तुम्ही हो?"