करवंदीच्या जाळीतला नवरंग

३० मे २००४, रविवार
पक्षिमित्र मंडळाच्या सभेत माझा ठराव एकमताने मंजूर. टेप वाजवून पक्षी बोलावणाऱ्याचं सभासदत्व रद्द. पक्ष्याला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसला, आणि बिचारा खाणंपिणं सोडून भांडायला येतो. किळसवाणा प्रकार. ठराव अर्थात हडपसरच्या आयटीवाल्या योगेशसाठी. लेन्स तोफेएवढी, नजर अधू. उपमा थंड होता.
तेरा तारखेला अध्यक्षपदाची निवडणूक. उमेदवार मी, रिटायर्ड हेडमास्तर दशरथराव आणि हा योगेश. यंदाचा पहिला नवरंग पक्षी जो दाखवेल त्यालाच लोक मत देणार. मंडळाची जुनी खोड. नवरंग मीच दाखवणार.

१ जून, पहाटे साडेपाच
वेताळ टेकडी. नवरंग नाही. जॉगिंगवाले, कुत्री, झुडपाझुडपांत वेफर्सच्या पिशव्या. घाणेरडं शहर झालंय.

३ जून
बुधवार पेठेतून छोटा टेपरेकॉर्डर आणला. पक्ष्यांच्या आवाजांची इंग्रजी कॅसेट घरात होतीच. पक्षी बोलावण्यासाठी नव्हे, स्वतःचा कान तपासण्यासाठी. कान तपासण्याबद्दल ठरावात काहीही नाही, मीच लिहिलाय. सौ. मंदाकिनीने विचारलं, शबनम पिशवीत काय? म्हटलं, डबा.

५ जून
उत्तर आलं! टेकडीवर मी कान तपासला आणि समोरच्या करवंदीच्या जाळीमागून दोन सुरांची स्वच्छ शीळ. पुन्हा तपासला, पुन्हा उत्तर. डोळे भरून आले. बँकेतल्या सबंध नोकरीत इतक्या तत्परतेने मला कोणी उत्तर दिलं नव्हतं.

७ जून
संताप. दशरथरावांनी ईमेल ग्रुपवर जाहीर केलं की नवरंग त्यांना सापडला. त्याच करवंदीपाशी, पलीकडच्या अंगाला! म्हणे रोज पहाटे उत्तर देतो. माझा पक्षी! जन्मभर पोरांना शिस्त लावली आणि म्हातारपणी चोरी. तडक सायबर कॅफे गाठून लिहिलं, रविवारी सर्वांनी यावं, पक्षी मी दाखवतो. त्यांनीही तेच लिहिलं. निर्लज्ज.

१० जून
पक्षी वक्तशीर आहे. मी थांबलो की थांबतो, मी सुरू झालो की बोलतो. मंडळातल्या कोणापेक्षाही सुसंस्कृत.

१३ जून, रविवार
लिहावंसं वाटत नाही.
अर्धं मंडळ माझ्यामागे, अर्धं जाळीपलीकडे दशरथरावांमागे. शबनममध्ये हात घालून हळूच बटण दाबलं. शीळ. जाळीमागून उत्तर. कॉलेजातली अपेक्षा आनंदाने उडीच मारणार होती. तेवढ्यात जाळीमागचा पक्षी खणखणीत इंग्रजीत म्हणाला, नंबर फोर्टीन, ब्राउन फिश आउल. आणि घुमला. माझी माणसं पलीकडे धावली. दशरथराव पिशवीत हात घालून बटण शोधत होते. मी चोर म्हणून ओरडणार, इतक्यात माझी शबनमही त्याच आवाजात म्हणाली, नंबर फोर्टीन.
माझ्याच ठरावाने दोघांचं सभासदत्व रद्द. योगेश बिनविरोध. वर त्याने माझं सांत्वन केलं, अंकल म्हणून. शिसारी आली. मंदाकिनी म्हणाली, अहो, रोज पहाटे हेडमास्तरांशी शिट्ट्या मारत होतात हे निदान सोसायटीत सांगू नका.

१५ जून
टेकडीवर गेलो. निव्वळ व्यायाम. टेप घरी. जाळीपलीकडून शीळ आली. दशरथराव, तोंडाने. इतकी बेसूर की राहवेना. बरोबर कशी ते मी शीळ घालून दाखवलं. त्यांनी पुन्हा, मी पुन्हा. बराच वेळ त्यांना शिकवलं. बोललो अर्थातच नाही.

१६ जून
ईमेल ग्रुपमधून आम्हांला अजून काढलेलं नाही. आळशी लोक. म्हणून अपेक्षाचा मेल वाचायला मिळाला. काल पहाटे तिने लांबून यंदाचा पहिला नवरंग ऐकला. एक नव्हे, दोन. करवंदीपाशी, एकमेकांना उत्तर देत. टेप नक्की नव्हती, मध्ये इंग्रजी आलं नाही. अध्यक्ष योगेश यांनी नोंद मंजूर केली. सगळ्यांनी अभिनंदन केलंय.
खाली तिचं निरीक्षण आहे. पलीकडचा नवरंग अप्रतिम. अलीकडचा फारच बेसूर, बहुधा पलीकडच्याकडून शिकत असावा.
अलीकडे मी होतो.