खडा क्रमांक अकरा

दि. २ डिसेंबर २०२४

प्रति,
मा. तालुका क्रीडा अधिकारी साहेब,
वर्धा.

विषय : उत्कृष्ट मार्गदर्शक म्हणून सत्कारासाठी आलेले माझे नाव वगळणेबाबत, व आंजी (मोठी) येथील धावणाऱ्या मुलींना पोटदुखीबद्दल विचारण्यासाठी एक बाई मिळणेबाबत.

संदर्भ : माहितीचा नमुना भरून पाठविणेबाबत आपले दि. १८ नोव्हेंबरचे पत्र.

महोदय,

१. मी खाली सही करणार हेमराज मधुकरराव गुल्हाने, वय ५१, धंदा किराणा दुकान, राहणार आंजी (मोठी). गेली नऊ वर्षे कालव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पोलीस भरतीसाठी गावातल्या मुलामुलींचा धावण्याचा सराव मी फुकट घेतो. त्यातली एकोणीस पोरे आज वर्दीत आहेत. त्यावरून ग्रामसभेने माझे नाव आपल्याकडे पाठविले. आपला नमुना मी भरायला घेतला. रकाना सहापर्यंत काही अडले नाही. रकाना सातमध्ये "मार्गदर्शकाची स्वतःची विशेष पद्धत" असे विचारले आहे. त्या रकान्यात जागा दोन ओळींची आहे, म्हणून हा अर्ज.

२. माझी विशेष पद्धत अशी. धावताना बरगडीखाली कळ येते, हे आपणास माहीत असेलच. माझ्याकडे प्रत्येक पोराला एक खडा मिळे, त्यावर ऑइलपेंटने नंबर. कळ आली की खडा मुठीत आवळायचा आणि पळत राहायचे. थांबायचे नाही. शेवटच्या चुन्याच्या रेघेवर खडा घमेल्यात टाकायचा. वाटेत जो थांबेल, त्याने खडा माझ्या हातात आणून द्यायचा, आणि ते सगळ्यांच्या देखत. म्हणून कोणी थांबत नसे.

३. ही पद्धत मी पुस्तकातून घेतली नाही. सन १९९४ च्या भरतीत मी स्वतः सोळाशे मीटर धावलो. शेवटच्या फेरीत पोटात कळ आली आणि मी खाली बसलो. माझ्या मागे असलेला गावातलाच कैलास पुढे निघून गेला, तो आज हवालदार आहे. माझे वडील वारेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "पोट दुखलं म्हणून बसला, अन् जलमभर दुकानात बसला." हे रकाना सातमध्ये बसत नाही, पण खरे कारण हेच आहे.

४. कु. आचल भूपेंद्र भोयर, वय २०, खडा क्रमांक ११. आईवडील वांगी, मेथी लावून बाजारात विकतात. पोरगी गुणाची, बोलणे कमी, पाय चांगला. बुधवार दि. १७ जानेवारी रोजी सकाळी ती बाभळीमागे जाऊन ओकून आली. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, ते शब्द जसेच्या तसे लिहितो : "काका, थांबल्यावरही दुखून राह्यलं. कालपासून आहे." मी घड्याळ लावत होतो. मान वर न करता मी म्हणालो, "पोटातल्या कळीनं कोणी मरत नाई. खडा दाब अन् पळ."

ती पळाली. आठशे मीटर, तीन मिनिटे नऊ सेकंद. तिची आजवरची सर्वांत चांगली वेळ. मी टाळ्या वाजवल्या होत्या, साहेब. रजिस्टरमध्ये त्या आकड्याखाली माझी लाल रेघ आहे.

घरी तिच्या आईने, शालूबाईंनी, ओवा-मीठ दिले. मग दवाखान्यात चल म्हटले, तर पोरगी म्हणाली, "काका म्हणते, कळीनं कोणी मरत नाई." गुरुवारी दुपारी ती उभी राहीना, तेव्हा वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात नेले. अपेंडिक्स फुटून पू पोटभर पसरला होता. डॉक्टरांनी शर्थ केली. सहाव्या दिवशी, मंगळवारी, ती गेली. ऑपरेशनला नेताना नर्सबाईंनी तिची मूठ उघडली, तेव्हा आत खडा होता. बुधवारी रेघेवर तिने तो घमेल्यात टाकलाच नव्हता, आंजीपासून वर्ध्यापर्यंत सोडला नव्हता. नर्सबाईंनी तो भूपेंद्रच्या हातात दिला आणि भूपेंद्रने मला आणून दिला. तुमचा आहे म्हणाला.

५. या बाबतीत मला आजपर्यंत कोणी काहीही बोललेले नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे. भूपेंद्रने माझ्यापुढे हात जोडले : "तुमी थोडीच मारलं, भाऊ. तिचं आयुष्यच तेवढं होतं." त्याने काठी उचलली असती तर मी पाठ दिली असती. शालूबाई दर आठवड्याला माझ्या घरी वांगी पाठवितात. ती आमच्या घशाखाली उतरत नाहीत आणि टाकूनही देववत नाहीत. मी ठाण्यात जाऊन माझ्याच नावाची तक्रार लिहून दिली. तेथील साहेबांनी मला चहा पाजला आणि यात गुन्हा होत नाही म्हणून समजावून परत पाठविले. मी ग्रामसभेत उभा राहून सर्व कबूल केले. सभेने दोन मिनिटे शांतता पाळली, माझ्या मोठ्या मनाचे कौतुक केले आणि त्याच बैठकीत सत्कारासाठी माझे नाव सुचविले. आता आपल्याकडून शाल येणार. आणखी एक अर्ज केला तर माझा पुतळा उभारतील, अशी भीती वाटते.

६. पुढील मजकूर सरकारी कागदात बसतो की नाही, मला ठाऊक नाही. आचलच्या उजव्या बुटाचा तळवा सुटलेला होता. पळताना फट्, फट् असा आवाज येई. यंदा दिवाळीनंतर धुके पडू लागले, आणि सहाशे मीटरच्या खुणेपाशी तो आवाज मला पुन्हा ऐकू येऊ लागला. जाताना बावीस पोरे मोजली, येताना पाय तेवीस जणांचे. असे तीन दिवस चालले. चौथ्या दिवशी धुक्यातून आचलची धाकटी बहीण गुंजन निघाली, पायात बहिणीचे बूट. न विचारता सगळ्यांच्या मागे पळत होती. बूट मी त्याच दिवशी शिवून दिले, गुंजनचे नाव रजिस्टरमध्ये घातले. आता तो तळवा वाजत नाही. मला मात्र अजून ऐकू येतो. गुंजन न आल्याच्या दिवशीसुद्धा येतो.

त्या खुणेपाशी माझ्याही पोटात कळ येते, उजवीकडे, खाली. सोनोग्राफी केली. काही निघाले नाही. डॉक्टर म्हणाले, धावताना येणारी साधी कळ वेग कमी केला की, थांबले की जाते. थांबूनही जात नाही, सोबत ओकारी आहे, ताप आहे, ते दुखणे वेगळे, त्याला वेळ दवडायचा नाही. साहेब, एवढेच होते. पोरीने मला हेच सांगितले होते, त्याच शब्दांत. डॉक्टर व्हायची गरज नव्हती, नुसते ऐकायचे होते.

७. फेब्रुवारीतच मी सगळे खडे कालव्यात फेकले, अकरा नंबर सोडून. नवा नियम केला : कळ आली की थांबा, मला सांगा. जो सांगेल त्याला मी गाडीवर बसवून थेट दवाखान्यात नेतो. नयन नावाच्या मुलीला तीन वेळा नेले. पहिल्यांदा पोटभर पोहे खाऊन पळाली होती, दुसऱ्यांदा पाळीचे दुखणे होते, तिसऱ्यांदा काहीच नव्हते. पण माझा जीव थाऱ्यावर राहीना, म्हणून तिचा सराव मी पंधरा दिवस बंद केला. ती रडली. बाकीच्या पाहत होत्या.

तेव्हापासून माझ्या सरावात कोणाचेच पोट दुखत नाही. पूर्ण नोव्हेंबर महिना, तेवीस पोरे, आणि एकालाही कळ नाही. हे होऊ शकते का साहेब, आपण या खात्यातले आहात.

शुक्रवारी दि. २९ रोजी गुंजन रेघेवर आली, तेव्हा तिचा उजवा हात मिटलेला दिसला. मी म्हटले, उघड. तिने पाठीमागे नेला. मी मनगट धरले, जबरदस्तीच केली. मुठीत खडा होता. रस्त्यावरचा, बिनानंबरचा. मी विचारले, काऊन? ती म्हणाली, "ताई असंच करे. मले नाई दुखत, काका." आणि हसली. तिच्या ओठावर घाम होता, त्या थंडीत. मी तिला आईसोबत त्याच दुपारी डॉक्टरकडे पाठविले. साधीच कळ होती, देवाची कृपा. पण नंतर मी रेघेच्या पलीकडे, गवतात पाहिले. तिथे खड्यांचा ढीग होता. सगळेच दाबतात. आधी मी रागावतो म्हणून सांगत नव्हते, आता मी थांबवतो म्हणून सांगत नाहीत.

भरती जवळ आहे असे पोरे म्हणतात. सराव मी बंद केला तर ती दुसऱ्या रस्त्यावर पळतील, तिथे तर कोणीच नसेल. सबब विनंती, की सत्कार रद्द व्हावा, आणि आठवड्यातून दोन सकाळी एखादी नर्सबाई, आशाताई, कोणीही समजदार बाई आमच्या रस्त्यावर उभी राहील, अशी तजवीज व्हावी. तिने काही शिकवायचे नाही. फक्त विचारायचे, थांबल्यावर जाते का गं? आणि पोरींनी तिला खरे सांगावे. आपल्या अखत्यारीत नसेल तर ज्यांच्या असेल त्यांच्याकडे हा कागद पाठवावा, परत माझ्याकडे नको. मला विचारता येत नाही. मी तोंड उघडले की त्यांना माझे जुनेच वाक्य ऐकू येते, आणि मलाही.

नम्र लिहिण्याची रीत आहे, म्हणून आपला नम्र,

(सही)
हेमराज मधुकरराव गुल्हाने
आंजी (मोठी), ता. जि. वर्धा

सोबत जोडले आहे :
१. माहितीचा नमुना, रकाना सात कोरा.
२. रजिस्टरच्या दि. १७ जानेवारीच्या पानाची प्रत, लाल रेघेसह.
३. अर्जदाराच्या पोटाचा सोनोग्राफी रिपोर्ट, निर्दोष.
४. गवतात सापडलेले खडे, नग सतरा, कापडी पिशवीत.

खडा क्रमांक ११ जोडलेला नाही. तो अर्जदाराच्या मुठीत आहे.